कॅमेरा कोणाच्या हाती? : बेघरांचे सहभागी छायाचित्रण आणि कर्तेपणाचा प्रश्न

१

अनुभव कोणाचा आणि लेखणी कोणाची, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. दलित साहित्याच्या चर्चेत सहानुभूतीतून लिहिलेले आणि स्वानुभवातून लिहिलेले ह्यांतील भेदावर पुष्कळ वाद झाला. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने प्रसिद्ध झाल्यावर त्या वादाचे स्वरूप पालटले. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहावयाचे, असे गृहीत धरले गेले होते, त्यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली होती. मात्र त्यामुळे समीक्षेपुढील प्रश्न संपला असे झाले नाही. ह्या पुस्तकांकडे साहित्यकृती म्हणून पाहावे की सामाजिक दस्तऐवज म्हणून, हा नवा प्रश्न त्यातून निर्माण झाला आणि अनेक वाचकांनी दुसराच मार्ग सोयीचा मानला.

ह्याच प्रश्नाचा एक समांतर इतिहास छायाचित्रणाच्या क्षेत्रात घडला आहे. ज्यांना घर नाही अशा माणसांची चित्रे इतरांनी घेणे ही छायाचित्रणातील दीर्घ परंपरा आहे. त्या माणसांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांनाच आपले जग टिपू देणे ही त्या मानाने अलीकडची घटना. ह्या दुसऱ्या प्रकाराला सहभागी छायाचित्रण असे म्हटले जाते. लेखणी आणि कॅमेरा ह्यांत एक फरक उघड आहे. लेखणी हाती येण्यासाठी अक्षरओळख, भाषेवरील पकड आणि निवांतपणा ह्यांची गरज असते, तर कॅमेऱ्याची कळ कोणालाही दाबता येते. त्यामुळे कॅमेरा हाती दिला की कर्तेपणही हाती आले, असा समज सहज होतो. प्रस्तुत लेखात ह्या समजाची ऐतिहासिक तपासणी करावयाची आहे. कळ कोणी दाबली ह्या एका प्रश्नाने छायाचित्राचे कर्तेपण ठरत नाही. प्रश्न कोणी विचारला, चित्र कोणी निवडले, त्याखाली नाव कोणी लिहिले आणि ते कोठे जतन झाले, ह्या चार गोष्टी पाहिल्याखेरीज ते ठरविता येत नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

२

ह्या इतिहासाचा आरंभ बाहेरच्या कॅमेऱ्यापासून करावा लागतो. १८७७ साली लंडनमध्ये जॉन थॉम्सन ह्यांची छायाचित्रे आणि अडॉल्फ स्मिथ ह्यांचा मजकूर असलेली ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ ही मालिका मासिक भागांत निघू लागली. तिच्यातील ‘द क्रॉलर्स’ हे चित्र विशेष गाजले. एक वृद्ध निराधार स्त्री पायऱ्यांवर बसली आहे आणि तिच्या कुशीत एक तान्हे मूल आहे. चित्र नुसते पाहिले तर ते आईचे आणि मुलाचे चित्र वाटते. सोबतचा मजकूर वाचला की कळते की मूल तिचे नाही. त्याची आई एका कॉफीच्या दुकानात कामाला जाते आणि ही स्त्री तेवढा वेळ ते सांभाळते. म्हणजे ज्याला आपण असहायतेचे प्रतीक समजलो, ते वस्तुतः एका कामाचे चित्र होते. चित्र आणि शब्द ह्यांच्या संबंधाविषयी ह्या एका उदाहरणातून बरेच शिकता येते. परंतु येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चित्रही दुसऱ्याचे होते आणि ते दुरुस्त करणारे शब्दही दुसऱ्याचेच होते.

न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस ह्यांनी १८९० साली ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. रीस हे डेन्मार्कहून १८७० मध्ये अमेरिकेत आलेले. आरंभीच्या दिवसांत त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यांतील निवाऱ्यांत रात्री काढल्या होत्या. पुढे ते पोलीसवार्ताहर झाले आणि मॅग्नेशियमच्या चूर्णाचा झगझगीत प्रकाश पाडून अंधाऱ्या खोल्यांतील छायाचित्रे घेऊ लागले. एका जागेचे पाच सेंट देऊन दाटीवाटीने झोपलेली, अचानक प्रकाशाने दचकून जागी झालेली माणसे त्यांच्या चित्रांत दिसतात. अंध माणसे राहत असलेल्या एका खोलीत ह्या चूर्णाने आग लागल्याची हकीकत रीस ह्यांनी स्वतःच सांगितली आहे. ज्यांचे चित्र घ्यावयाचे त्यांची संमती घ्यावी ही कल्पनाच ह्या पद्धतीत नाही. पुस्तकाचे नाव पाहिले तरी वाचक कोण आहे हे स्पष्ट होते. ‘दुसरे अर्धे जग’ हा शब्दप्रयोग पहिल्या अर्ध्या जगात राहणाऱ्यांसाठीच अर्थपूर्ण ठरतो. रीस ह्यांनी निवाऱ्याच्या रात्री स्वतः भोगल्या होत्या, तरीही त्यांचा कॅमेरा बाहेरचाच राहिला. ह्याचा अर्थ असा की गतकाळातील अनुभव हा आतून पाहण्याची हमी देत नाही.

ह्या परंपरेचे श्रेय नाकारण्याचे मात्र कारण नाही. पोलीस ठाण्यांतील त्या गलिच्छ निवाऱ्यांविरुद्ध रीस ह्यांनी दीर्घकाळ लेखन केले आणि थिओडोर रूझवेल्ट हे न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना १८९६ मध्ये ते बंद झाले. बाहेरच्या कॅमेऱ्याने कायदे बदलले, हे खरे आहे. त्याने ज्यांचे चित्र घेतले त्यांचे स्थान मात्र बदलले नाही, हेही तितकेच खरे.

डोरोथिया लँग ह्यांच्या १९३६ मधील ‘मायग्रंट मदर’ ह्या छायाचित्राने हा पेच सर्वांत स्पष्टपणे पुढे आणला. मंदीच्या काळात शेतमजूर आणि विस्थापित कुटुंबे ह्यांची स्थिती नोंदविण्याचे काम अमेरिकी सरकारने काही छायाचित्रकारांकडे सोपविले होते. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत लँग ह्यांनी एका स्त्रीची आणि तिच्या मुलांची काही चित्रे घेतली. तिचे नाव आपण विचारले नाही, असे त्यांनीच नंतर लिहिले. ते नाव जगाला कळायला ४२ वर्षे लागली. १९७८ मध्ये फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्सन ह्यांनी आपली ओळख सांगितली आणि हे चित्र आपले घेतलेच नसते तर बरे झाले असते, अशी भावना व्यक्त केली. त्या चेरोकी वंशाच्या होत्या. चित्र पाहणाऱ्यांनी मात्र त्यांना कायम गोऱ्या शेतमजूर कुटुंबाचे प्रतीक मानले होते. चित्र सरकारच्या मालकीचे असल्यामुळे त्यांना त्यातून एक छदामही मिळाला नाही. १९९८ मध्ये त्याच चित्राचे अमेरिकेत टपाल तिकीट निघाले. प्रतिमा देशाची झाली आणि व्यक्ती प्रतिमेच्या बाहेर राहिली.

३

ह्या परंपरेवरील सर्वांत तिखट टीका एका छायाचित्रकार स्त्रीनेच केली. मार्था रॉस्लर ह्यांनी १९७४–७५ मध्ये न्यूयॉर्कमधील बावरी ह्या रस्त्याची चित्रे घेतली. बेघर आणि दारूच्या आहारी गेलेल्या माणसांचा रस्ता म्हणून बावरी प्रसिद्ध होता आणि तेथील माणसांची असंख्य चित्रे आधी घेतली गेली होती. रॉस्लर ह्यांच्या चित्रांत एकही माणूस नाही. रिकामे दरवाजे, बंद दुकाने, फेकून दिलेल्या बाटल्या. आणि प्रत्येक चित्राशेजारी दारू प्यायलेल्या माणसासाठी इंग्रजी बोलीत रूढ असलेल्या शब्दांचा समूह. ह्या कृतीच्या शीर्षकातच त्यांनी चित्र आणि शब्द ह्या दोन्ही वर्णनपद्धतींना ‘अपुऱ्या’ असे म्हटले आहे. १९८१ च्या आपल्या निबंधात त्यांनी ह्याची मीमांसा केली. त्यांच्या मते, माहितीपर छायाचित्रण सत्ताहीनांची माहिती सत्ताधाऱ्यांपर्यंत वाहून नेते, आणि पाहणाऱ्याची करुणा जागी करून व्यवस्थेला मात्र हात लावीत नाही.

ही टीका मूलगामी आहे. तथापि तिच्यातून एक पोकळी निर्माण होते. माणसाचे चित्र न घेण्याने त्याचा अवमान टळतो, परंतु त्याला बोलण्याची जागा मिळत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक ह्यांनी १९८८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात प्रतिनिधित्वाचे दोन अर्थ वेगळे करून दाखविले आहेत : एखाद्याच्या वतीने बोलणे आणि एखाद्याचे चित्र रेखाटणे. रॉस्लर ह्यांनी दुसऱ्याला नकार दिला. पण पहिल्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न रॉस्लर ह्यांनी स्वतःच पुढे हाताळला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. १९८९ मध्ये न्यूयॉर्कमधील डिया ह्या कलासंस्थेत त्यांनी निवारा आणि नगररचना ह्या विषयांवर तीन प्रदर्शनांचा प्रकल्प उभा केला. त्यांतील बेघरांविषयीच्या प्रदर्शनात ‘होमवर्ड बाउंड कम्युनिटी सर्व्हिसेस’ ह्या बेघर माणसांनी स्वतः उभारलेल्या गटाला कलादालनातच कार्यालयासाठी जागा देण्यात आली. ज्यांच्याविषयी प्रदर्शन होते ते भिंतीवर नव्हते, टेबलामागे बसून काम करीत होते.

४

दरम्यान दक्षिण अमेरिकेत एक निराळा विचार आकार घेत होता. पाउलो फ्रेरे ह्यांनी १९६० नंतरच्या वर्षांत ब्राझीलमध्ये प्रौढ साक्षरतेची जी पद्धत विकसित केली, तिच्यात चित्राला मध्यवर्ती स्थान होते. फ्रान्सिस्को ब्रेनांद ह्या चित्रकाराने काढलेली चित्रे समोर ठेवून निरक्षर शेतमजूर आपल्याच परिस्थितीविषयी बोलत. चित्राने उत्तर देऊ नये, संवाद सुरू करावा, ही त्यामागील भूमिका होती. परंतु ही चित्रेही एका व्यावसायिक चित्रकाराची होती.

ह्यापुढचे पाऊल पेरूमध्ये पडले. १९७३ मध्ये तेथे राष्ट्रीय पातळीवर साक्षरतेची मोहीम सुरू झाली. तिच्यात नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल सहभागी होते आणि त्यांनी ‘थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड’ ह्या आपल्या ग्रंथात तिची हकीकत दिली आहे. शिकणाऱ्यांना प्रश्न विचारला जाई आणि त्यांनी शब्दांऐवजी छायाचित्रातून उत्तर द्यावे, असे ठरले होते. ‘तुम्ही कोठे राहता?’ हा त्यांतील एक प्रश्न. लिमामधील रिमाक नदीकाठी राहणाऱ्या एका माणसाने उत्तर म्हणून आपल्या मुलाच्या चेहऱ्याचे चित्र दिले. चेहरा रक्ताने भरलेला होता. नदीकाठावर उंदरांचा सुळसुळाट होता आणि कुत्रे त्यांना पळवून लावीत. खरजेची साथ आली म्हणून पालिकेने कुत्रे पकडून नेले. त्या माणसाचा कुत्रा गेला, आणि उंदरांनी झोपलेल्या मुलाच्या नाकाचा लचका तोडला. ‘तुम्ही कोठे राहता?’ ह्या साध्या प्रश्नाला हे उत्तर होते.

दुसरा प्रश्न होता, शोषण म्हणजे काय? बूटपॉलिश करणाऱ्या एका मुलाने भिंतीवरील खिळ्याचे चित्र दिले. मोठ्यांना त्याचा अर्थ कळेना. इतर मुलांना मात्र तो तत्काळ कळला. मुले शहराच्या दूरच्या भागात राहत आणि पॉलिशची जड पेटी रोज घरी नेणे त्यांना शक्य नसे. म्हणून ती रात्री एखाद्या दुकानाच्या भिंतीवरील खिळ्याला पेटी टांगून ठेवीत आणि त्या खिळ्याचे भाडे भरीत.

ही दोन उदाहरणे साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाची आहेत. खिळ्याचे चित्र हे चिन्ह म्हणून स्वयंपूर्ण नाही. त्याचा अर्थ ज्या समूहात तो खिळा वापरला जातो, त्या समूहाच्या वाचनातच उलगडतो. येथे कर्ता एकटा मुलगा नाही. प्रश्न विचारणारा, चित्र घेणारा आणि ते वाचणारे सोबती ह्यांच्यात कर्तेपण वाटले गेले आहे. मात्र ह्या वाटणीत निर्णायक भाग त्या मुलाकडे राहिला, कारण प्रश्न खुला होता आणि उत्तर काय असावे हे कोणी आधी ठरविले नव्हते. बाहेरच्या कोणत्याही छायाचित्रकाराने शोषणाचे चित्र म्हणून खिळा निवडला नसता. त्याने मुलाचे काळे पडलेले हात निवडले असते.

५

बेघरांच्या हाती कॅमेरा देण्याचा उपक्रम स्वतंत्रपणे आणि व्यापक प्रमाणात सुरू झाला तो १९८९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये. जिम हबर्ड हे वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार बेघर कुटुंबांची चित्रे घेत असत. निवाऱ्यांतील मुलांनी त्यांच्या कॅमेऱ्यात रस घेतला आणि त्यातून ‘शूटिंग बॅक’ ही संस्था उभी राहिली. नावातील इंग्रजी श्लेष स्पष्ट आहे : ज्यांच्यावर कॅमेरा रोखला जात होता त्यांनी तो उलट रोखला. १९९१ मध्ये मुलांच्या चित्रांचे पुस्तक निघाले. ह्या चित्रांनी अनेकांना बुचकळ्यात टाकले, कारण त्यांत खेळ होता, मैत्री होती, भावंडे होती. बेघर मुलाचे जग म्हणजे केवळ अभाव, ही अपेक्षा घेऊन आलेल्या पाहणाऱ्याला ती मुलेपणाची चित्रे भेटली.

सहभागी छायाचित्रणाला पद्धतीचे रूप दिले कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस ह्यांनी. चीनच्या युनान प्रांतातील ६२ ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांनी १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत काम केले आणि १९९७ मध्ये ह्या पद्धतीला ‘फोटोव्हॉइस’ हे नाव दिले. फ्रेरे ह्यांचे ऋण त्यांनी मान्य केले आहे. समूहाने आपले बळ आणि आपल्या चिंता नोंदवाव्यात, चित्रांवर चिकित्सक चर्चा करावी आणि धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत पोहोचावे, अशी तिची तीन उद्दिष्टे आहेत. चित्रे निवडणे, त्यांना संदर्भ देणे आणि त्यांतील सूत्रे ओळखणे ह्या तिन्ही पायऱ्या चित्र घेणाऱ्यांनीच पार पाडाव्यात, असा तिचा आग्रह आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथील निवाऱ्यात राहणाऱ्या स्त्रीपुरुषांबरोबर वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत वापरली व तिचा वृत्तान्त २००० साली प्रसिद्ध केला. ज्यांचे चेहरे चित्रात येतात त्यांची लेखी संमती, चित्र घेणाऱ्याची सुरक्षितता, खासगीपणाची मर्यादा ह्यांचा काटेकोर विचार ह्या परंपरेत झाला आहे. रीस ह्यांच्या झगझगीत प्रकाशापासून आपण येथे फार दूर आलो आहोत, ह्यात शंका नाही.

ह्या पद्धतीचा एक धोकाही नोंदविला पाहिजे. तिचा प्रसार प्रामुख्याने सार्वजनिक आरोग्य आणि समाजकार्य ह्या क्षेत्रांत झाला. तेथे छायाचित्र हे संशोधनाची सामग्री ठरते आणि सूत्रांत बसविले गेले की त्याचे काम संपते. चौकटीत काय घेतले, प्रकाश कोठून आला, एखादी वस्तू अर्धवट का कापली गेली, ह्याविषयी अशा अहवालांत सहसा चर्चा होत नाही. चित्र घेणाऱ्याचा ‘आवाज’ ऐकला जातो, पण त्याची दृष्टी वाचली जात नाही.

६

लंडनमधील दोन उपक्रम ह्या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. त्यांतील पहिला अँथनी लुवेरा ह्यांचा. २००१–०२ च्या सुमारास बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ठिकाणी छायाचित्रे घेण्याविषयी त्यांना सुचविले गेले, तेव्हा ही माणसे स्वतः काय टिपतील हे पाहणे आपल्याला अधिक आवडेल, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्यांनी कॅमेरे वाटले, वर्षानुवर्षे त्याच माणसांना भेटत राहिले आणि त्यांच्या चित्रांचा एक संग्रह सिद्ध झाला. पुढे त्यांनी ‘साहाय्यित आत्मचित्र’ असा एक प्रकार विकसित केला. तिकाटण्यावरील मोठा कॅमेरा कसा वापरायचा हे लुवेरा शिकवितात, कळीची लांब तार चित्रातील व्यक्तीच्या हाती असते, आणि अंतिम चित्र दोघे मिळून निवडतात. ही चित्रे २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत लावली गेली. प्रत्येक चित्राच्या शीर्षकात त्या व्यक्तीचे नाव असते. ‘मायग्रंट मदर’ ह्या निनावी शीर्षकाशी तुलना केली तर ह्या एका तपशिलाचे मोल कळते. ‘साहाय्यित’ हा शब्दही प्रामाणिक आहे, कारण तो साहाय्य लपवीत नाही.

दुसरा उपक्रम ‘कॅफे आर्ट’चा. जुलै २०१५ मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलपाशी बेघर किंवा बेघरपणातून गेलेल्या माणसांना एकदा वापरून देऊन टाकण्याचे १०० कॅमेरे वाटण्यात आले. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना प्रशिक्षण दिले. ८० कॅमेरे परत आले आणि त्यांतून २,५०० हून अधिक चित्रे मिळाली. परीक्षकांनी काही निवडली, लोकांनी त्यांवर मते दिली आणि त्यांतून दिनदर्शिका तयार झाली. दिलेला विषय होता ‘माझे लंडन’. चित्रांत शहराच्या ओळखीच्या खुणा, विनोद, प्रतिबिंबे, सायकली, फुगे, पाऊस असे बरेच काही होते. ज्याला काही मंडळी ‘सुंदर’ म्हणून नाके मुरडतील, तेच ह्या चित्रांत होते. सुंदर पाहण्याचा हक्क बेघरालाही आहे, हे ह्या उपक्रमाने सिद्ध केले, आणि विक्रीतून काहींना उत्पन्नही मिळाले.

तरीही चार कसोट्या लावल्या तर दोन्ही उपक्रमांतील अंतर दिसते. ‘तुम्ही कोठे राहता?’ ह्या प्रश्नाला मुलाचा जखमी चेहरा हे उत्तर येऊ शकते. ‘माझे लंडन’ ह्या विषयाला ते येणे अवघड आहे, आणि आले तरी दिनदर्शिकेत त्याला स्थान मिळणे त्याहून अवघड. प्रश्न हाच निम्मे उत्तर ठरवितो. निवड परीक्षकांची आणि ग्राहकांची होती. परत न आलेले २० कॅमेरेही ह्या इतिहासाचाच भाग मानले पाहिजेत. ज्याच्याजवळ कुलूप लावता येईल असे दार नाही, त्याच्याकडे वस्तू टिकणे हीच एक कठीण गोष्ट असते. लुवेरा ह्यांच्या कामातील वर्षानुवर्षांच्या भेटी ह्या दृष्टीने केवळ सौजन्य नाहीत; ज्यांना पत्ता नाही त्यांच्या चित्रांना त्या एक पत्ता देतात. घर म्हणजे इतर अनेक गोष्टींबरोबर जुने फोटो ठेवण्याची जागाही असते. ती नसलेल्या माणसाचे छायाचित्र कोणाच्या कपाटात राहते, हा कर्तेपणाचाच प्रश्न आहे.

७

छायाचित्र आणि पत्ता ह्यांचा हा संबंध मुंबईच्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. १९७६ मध्ये राज्य सरकारने झोपडपट्ट्यांची गणना केली आणि गणनेत आलेल्या कुटुंबांना फोटोपास दिले. तेव्हापासून मुंबईच्या मराठीत ‘फोटोपास’ हा शब्द घराच्या पुराव्याचा समानार्थी झाला. कुटुंबाचे छायाचित्र हाच तेथे पत्ता ठरला. पदपथावर राहणारी माणसे ह्या गणनेबाहेर होती. त्यांना फोटो नाही आणि म्हणून पत्ताही नाही. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांना हटविण्याची मोहीम सुरू झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९८५ मध्ये न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. तथापि पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. पदपथावर राहणारे रहिवासी स्वतः ह्या खटल्यात अर्जदार होते. खटला मात्र ओळखला जातो तो त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या पत्रकार ओल्गा टेलिस ह्यांच्या नावाने. ह्यात त्यांचा दोष काहीच नाही. परंतु मथळ्यात कोणाचे नाव येते हा प्रश्न न्यायालयातही तोच असतो, हे ह्यावरून दिसते.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ ह्या संस्थेने पदपथावरील रहिवाशांच्या सहभागाने मुख्यतः भायखळ्याच्या ई विभागातील सुमारे ६,००० कुटुंबांची, म्हणजे २७,००० माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी नाव ‘वुई, द इन्व्हिजिबल’, अर्थात ‘आम्ही, अदृश्य माणसे’. येथे कॅमेरा नव्हता, प्रश्नावली होती. पण आपली नोंद आपणच करावी ही प्रेरणा तीच होती. शीर्षकातील ‘आम्ही’ हे सर्वनाम रीस ह्यांच्या ‘दुसरे अर्धे जग’ ह्या शब्दप्रयोगासमोर ठेवून पाहावे. शंभर वर्षांचा प्रवास त्या सर्वनामात सामावला आहे.

८

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रश्न, निवड, नाव आणि जतन ह्या चारही गोष्टी बेघर व्यक्तीच्या हाती पूर्णपणे याव्यात अशी अपेक्षा केली, तर कोणताही उपक्रम कसोटीला उतरणार नाही, आणि कोणीही कॅमेरा वाटणार नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु पूर्ण कर्तेपण कोणत्या लेखकाला तरी असते? संपादक, प्रकाशक, मुद्रक, वाचक ह्यांच्या हातून गेल्याखेरीज कोणतीही संहिता आपल्यापर्यंत येत नाही. तेव्हा अपेक्षा शुद्धतेची नाही. वाटणी उघड असावी एवढीच आहे. नावाच्या बाबतीतही तसेच. नाव छापणे हा सन्मान असला तरी घरातील हिंसेपासून पळालेल्या स्त्रीला तो घातक ठरू शकतो. म्हणून नाव असावे की नसावे हे ठरविण्याचा अधिकार महत्त्वाचा, नाव छापणे नव्हे. निपोमोच्या छावणीत तो अधिकार कोणी विचारलाच नव्हता.

समीक्षेपुरते बोलावयाचे तर आपल्यावरील जबाबदारी ह्याहून निराळी आहे आणि तिच्यात आपली कसूर झाली आहे. दलित आत्मकथनांना ‘दाहक वास्तवाचा दस्तऐवज’ असे म्हणून आपण त्यांतील निवेदन, भाषेची घडण, स्मृतीची मांडणी ह्यांकडे बराच काळ दुर्लक्ष केले. गौरवाच्या शब्दांनी आपण त्यांचे लेखकपण नाकारीत होतो. बेघरांच्या छायाचित्रांबाबत तीच चूक पुन्हा होत आहे. ‘बेघर असूनही किती छान चित्र घेतले’ हे वाक्य ऐकावयास चांगले वाटते, पण त्यात चित्राविषयी काहीही सांगितलेले नसते. चित्र चांगले असेल तर ते कशाने चांगले आहे हे सांगावे लागेल. फसले असेल तर तेही सांगावे लागेल. फसण्याचा अधिकार नसलेला कर्ता हा कर्ता नसतो, तो केवळ दयेचा विषय असतो.

लिमामधील त्या मुलाच्या खिळ्याकडे मोठी माणसे पाहत राहिली आणि त्यांना त्यात काही दिसले नाही. मुलांना दिसले, कारण त्यांना तो खिळा ठाऊक होता. समीक्षकाला तो खिळा ठाऊक असेलच असे नाही. परंतु त्याचे चित्र समोर आल्यावर हा येथे का आहे, असे विचारण्याइतका वेळ थांबणे त्याच्या हाती आहे. वाचन म्हणजे दुसरे काय असते?